सांगलीत आलेलं काचेचं मत्स्यालय आणि एसी हॉलमधले प्राणी: पाहून आलेल्यांनी लिहा

आमराईतली (धागाकर्ती), १२ मे, रात्री १०.४०

मंडळी, सुट्टीपुरतं गावात मत्स्यालय आलंय, हे तुमच्या घरीही पोरांनी एव्हाना सांगितलं असेलच. मैदानावर पत्र्याचा मोठा मांडव, आत काचेचा बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की थंडगार हॉलमध्ये पक्षी, सरडे, अजगर. रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. तिकीट माणशी दीडशे. आत शिरेपर्यंत अर्धा तास रांग.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं होतंच. बोगद्यात पाय ठेवला आणि माझी लेक (पाचवीत जाईल आता) एकदम गप्प झाली. ही पोरगी झोपेतसुद्धा बोलते. डोक्यावरून पाच-साडेपाच फुटी मासा सरकत गेला, शेपटीकडं लालसर खवले. पाटीवर 'अरापायमा, अ‍ॅमेझॉन नदी' असं लिहिलेलं. तो वर आला, तोंड उघडून हवा घेतली आणि परत खाली गेला. ती तिथंच वीस मिनिटं उभी. मागचे लोक ढकलत होते, पण मी तिला हलवलं नाही.

पुढं लहान काचपेट्या. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे खाऱ्या पाण्यातले मासे, एक सिंहमासा, आणि कवटीचं चित्र काढलेली 'नरभक्षक पिरान्हा' अशी पेटी. तिथं गर्दी सगळ्यांत जास्त आणि प्रत्येक जण काचेवर टकटक करत होता.

मग तो हॉल. तिथं मात्र मन लागलं नाही. एका मकाव पोपटाच्या छातीवरची पिसं गेलेली, कातडी दिसत होती. इग्वाना नावाचा मोठा सरडा एका फळीवर निपचित पडलेला. आणि छोटा अजगर गळ्यात घालून फोटो, शंभर रुपये. पोरं रांगेनं घालून घेत होती. लेक म्हणाली, मला नको, त्याला झोप आलीय.

निघताना तिनं माशांना खाणं घालणाऱ्या मुलाला विचारलं, "दादा, यातला आपल्या नदीतला कुठला?" तो विचार करून म्हणाला, "पाणी तुमच्याच नदीचं आहे, नळाचं. मासे सगळे बाहेरचे."

रात्री ती मला विचारत बसली, मग आपल्या नदीत कोण राहतं? मी मरळ म्हटलं, कटला म्हटलं आणि थांबले. मी कृष्णेच्या काठावर वाढले, आयर्विन पुलावरून रोज शाळेला जायचे, आणि मला पाच नावं धड सांगता आली नाहीत. तेव्हा जाणकारांनी लिहा. त्या पेट्यांमध्ये मासे नीट राहतात का? त्या हॉलमधल्या प्राण्यांचं काय? आणि आमच्या नदीत कोण राहतं?

मिरजमळा, १२ मे, रात्री ११.१५

आम्ही गुरुवारी सकाळी अकराला गेलो होतो, रांग शून्य. संध्याकाळी जाऊ नका, बोगद्यात उभंही राहता येत नाही. पोरगं खूश झालं. मकावचं आमच्याही लक्षात आलं होतं.

काचपेटी, १३ मे, सकाळी ७.०५

मी वीस वर्षं घरी मासे पाळतोय, त्यामुळं पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. जरा लांबेल.

पेटीत पाणी ओतलं म्हणजे ती माशांसाठी तयार झाली असं नसतं. मासा श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. अमोनिया त्याच्या कल्ल्यांना जाळतो. नदीत तो वाहून जातो, पेटीत साठतो. त्यावर इलाज एकच, जीवाणू. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलून कमी करता येतं. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, दगडांवर वस्ती करतात. ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या पेटीचा मळका स्पंज आणून टाकला तर लवकर होतं.

आता हिशोब करा. फिरतं मत्स्यालय एका गावात महिना-दीड महिना असतं. म्हणजे पाणी माशांना मानवायला लागतं तोवर मांडव उतरवायची वेळ येते, आणि पुढच्या गावात पहिल्यापासून सुरुवात. चांगले लोक फिल्टरमधला माल ओला ठेवून सोबत नेतात, अर्धं पाणी रोज बदलतात. सगळे करत नाहीत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला औषध घालावं लागतं किंवा पाणी दिवसभर उघडं ठेवून हवा सोडावी लागते, नाहीतर कल्लेही जळतात आणि ते जीवाणूही मरतात.

खाऱ्या पाण्याच्या पेट्या त्याहून अवघड. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे हजार लिटरच्या पेटीला ३५ किलो. तेही घरातलं मीठ नाही, समुद्रातले बाकीचे क्षार असलेलं खास मीठ.

बघायला गेलात तर माशाच्या कल्ल्यांकडं बघा. भराभर हलत असतील, मासे पृष्ठभागापाशी तोंड काढून राहत असतील किंवा फिल्टरच्या धारेखाली जमले असतील, तर पाण्यात गडबड आहे. अरापायमा वर येऊन हवा घेतो तो त्याचा स्वभावच आहे, त्याची काळजी करू नका. पण नाकाडावर पांढरं घासलेलं दिसलं तर जागा कमी पडतेय हे नक्की.

हरिपूरकर, १३ मे, दुपारी १.३०

ताई, तुमच्या लेकीनं लाखातला प्रश्न विचारला बघा.

आधी त्या नरभक्षकाचं. मी परवा बघून आलो. तो पिरान्हा नव्हता, रूपचंद होता! आपल्या बाजारात किलोनं मिळतो तो. दोघं दक्षिण अमेरिकेतलेच, भाऊबंदच, पोटाकडं दोघांनाही तांबूस रंग. पण दात बघायचे. पिरान्ह्याचे दात तिकोनी, करवतीसारखे. रूपचंदचे चौकोनी, माणसाच्या दाढेसारखे, कारण तो फळं-बिया फोडून खातो. त्या पेटीतल्या एकानं काचेपाशी तोंड उघडलं आणि मला दाढा दिसल्या.

आता नदीचं. आमच्या घरात तीन पिढ्या जाळं आहे. संगमावर, कृष्णा-वारणा मिळतात तिथं, आजोबांबरोबर जायचो. तुम्ही म्हणता तो कटला आणि तसाच रोहू, हे खरे गंगेकडचे. धरणा-तळ्यांत बीज सोडलं तिथनं ते आपल्याकडं पसरले. चिलापी आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली. आज जाळ्यात निम्म्याहून जास्त तीच येते. मांगूर म्हणून विकतात तो आफ्रिकन मासा, त्याच्या पैदाशीवर सरकारनं बंदी घातलीय तरी तो सुटलेलाच आहे. म्हणजे नदीतसुद्धा बाहेरच्यांची गर्दी झालीय, नुसत्या मांडवात नाही.

आपली म्हणावी अशी मरळ. वांब, सापासारखी लांब, दगडाच्या सांदीत राहणारी. शेंगाळा, मिशावाला, पाठीवर काटा, हाताला लागला तर दोन दिवस ठणका. आणि महसीर, मोठ्या खवल्यांचा, जोराच्या पाण्यातला. आजोबांनी हाताएवढे खवले दाखवले होते, मी जाळ्यात एकही बघितला नाही अजून.

मरळीचं एक सांगतो, लेकीला सांगा. मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही. तिला वर येऊन हवा घ्यावीच लागते. जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिली तर मासा असून बुडून मरते. तुमच्या त्या अ‍ॅमेझॉनवाल्यासारखंच. म्हणजे वीस मिनिटं उभं राहून पोरीनं जे बघितलं ते आपल्या विहिरीतबी बघायला मिळतं.

आमराईतली, १३ मे, दुपारी २.१०

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. लेकीला आत्ताच वाचून दाखवलं. ती विचारतेय, मरळ किती वेळानं वर येते?

हरिपूरकर, १३ मे, दुपारी २.२५

तिलाच मोजू दे. वही घेऊन या.

वर्गशिक्षक_तासगाव, १३ मे, सायंकाळी ६.००

काचेवरच्या टकटकीबद्दल लिहायलाच हवं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त. माशाच्या दोन्ही कुशींवर एक रेघ असते, तिच्यातून त्याला पाण्याची हालचाल आणि दाब कळतो. बंद पेटीत कंपनाला बाहेर जायला वाट नाही. तुमच्या घराच्या चारही भिंतींवर दिवसभर कुणी हातोडा मारत बसलं तर कसं होईल, एवढं पोरांना सांगितलं की ती थांबतात. मी दरवर्षी सांगतो आणि थांबतात.

आणि एक गंमत दाखवा. सपाट काचेतून बघताना मासा असतो त्यापेक्षा जवळ दिसतो, साधारण पाऊण अंतरावर. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) १.३३ असल्यामुळं असं होतं. दहावीचं पुस्तक तिथं डोळ्यांनी दिसतं.

गुरांची_डॉक्टर, सातारा, १३ मे, रात्री ९.५०

मी पशुवैद्य आहे. हॉलबद्दल लिहिते.

इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, झाडावर उन्हात राहणारा. त्याला शरीरातली उष्णता तयार करता येत नाही, बाहेरून घ्यावी लागते. अंग तापलं नाही तर खाल्लेलं पचत नाही. शिवाय अतिनील किरणांचा दिवा लागतो, नाहीतर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडतात. म्हणजे माणसांना गार वाटावं म्हणून लावलेला एसी त्याच्यासाठी आजारपण आहे. तो निपचित पडला होता त्याचं हे एक कारण असू शकतं.

तो छोटा अजगर बहुधा बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करतो, त्यावरूनच त्याचं नाव पडलंय. लोक म्हणतात किती शांत आहे. शांत नसतो, भ्यालेला असतो. ताई, तुमच्या लेकीनं नको म्हटलं ते फार बरोबर केलं. ज्यांनी हात लावला असेल त्यांनी मुलांचे हात साबणानं धुवा, खाण्याआधी तर नक्कीच. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जीवाणू असतात.

मकावनं पिसं उपटण्याची कारणं बरीच असतात, त्वचेचा आजारही असू शकतो. पण एकटा, दिवसभर गोंगाटात ठेवलेला पक्षी हे करतो, हे मी अनेकदा पाहिलंय. हे पक्षी पन्नास वर्षंही जगतात. एका मांडवातून दुसऱ्या मांडवात पन्नास वर्षं, विचार करा.

कायद्याचं थोडक्यात. आपला हिरवा पोपट आणि नक्षत्री कासव यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. ते असे ठेवताच येत नाहीत. मकाव, इग्वाना, बॉल पायथन यांसारख्या परदेशी जातींची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करणं २०२४ च्या नियमांनी बंधनकारक आहे. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका. देशी प्राणी दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, मी दोनदा लावलाय आणि दोन्ही वेळा माणसं आली.

शिराळ्याचा, १४ मे, सकाळी ८.२०

डॉक्टरांशी सहमत. आमच्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग धरायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मी स्वतः लहानपणी हंडीतले नाग बघितलेत. न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या तेव्हा गावात फार दुखलं, आमच्या घरातही. आज मला गळ्यात अजगर घातलेल्या पोरांचे फोटो बघवत नाहीत. एवढंच.

रिक्षावाला_दादा, १४ मे, सकाळी १०.४५

सगळ्यांचं पटतंय, पण माझं एक ऐका. माझ्या दोन पोरांनी समुद्र बघितलेला नाही. मुंबईला न्यायचं तर चौघांचा जायचा-यायचा खर्चच माझी आठवड्याची कमाई. हा मांडव गावात येतो म्हणून त्यांनी खाऱ्या पाण्यातला मासा जिवंत बघितला. धाकटा आल्यापासून वहीत मासेच काढतोय. वाईट आहे म्हणून बंद करा म्हणाल तर आमच्या पोरांनी कुठं जायचं?

आमराईतली, १४ मे, सकाळी ११.३०

दादा, बंद करा असं माझं म्हणणंच नाही. बोगद्यात माझी लेक जशी उभी राहिली तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. ते मला हवंय. पण गळ्यातला अजगर नको, कवटीचं खोटं चित्र नको, आणि निदान एक पेटी आपल्या नदीची हवी. तुमच्या धाकट्यानं वहीत मरळही काढायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

काचपेटी, १४ मे, दुपारी १२.१५

रिक्षावाल्या दादांचा मुद्दा योग्य आहे. आणि नदीची पेटी ही सगळ्यांत स्वस्त पेटी असते. हीटर नको, मीठ नको. चार फुटी पेटी, दोनशे लिटरच्या आसपास पाणी, चांगला फिल्टर, नदीतले गोटे. छोटे मासेच ठेवायचे. मरळ मोठी होते आणि बाकीच्यांना खाते, शिवाय उडी मारते. शाळेनं पुढाकार घेतला तर पेटी बसवून द्यायला मी येतो.

मात्र घरी नको झालेले मासे कुणीही नदीत सोडू नका. पेटीतलं शेवाळ खातो म्हणून घेतात तो सकर मासा असाच सुटलाय, उजनीत मच्छीमारांची जाळी फाडतोय.

वर्गशिक्षक_तासगाव, १४ मे, दुपारी १२.४०

माझ्या शाळेपासून सुरू करू. जून उजाडला की मुख्याध्यापकांशी बोलतो.

दुबईत_सांगलीकर, १४ मे, रात्री ११.५५

इथल्या मॉलमधलं मत्स्यालय आणि वरच्या मजल्यावरचा प्राणिविभाग मी कितीदा तरी पाहुण्यांना दाखवलाय. २००८ ला सुरू झालेली टाकी, एक कोटी लिटर पाणी, समोरचा अ‍ॅक्रिलिकचा पडदा पाऊण मीटर जाड. वर पाच मीटरची खाऱ्या पाण्यातली मगर आहे, ऑस्ट्रेलियातून आणलेली. लोक काचेला नाक लावून बघतात. मी दर वेळी सांगतो की आमच्या गावात मगरी नदीकाठी उन्हाला पडलेल्या असतात, कुणाचा विश्वास बसत नाही.

भिलवडीचा, १५ मे, सकाळी ६.४०

बसेल कसा. आमच्याकडं औदुंबरच्या घाटावरून पलीकडं नजर टाकली की थंडीत दिसतातच. तोंड वासून पडते ती अंगावर येण्यासाठी नव्हे, अंगातली उष्णता बाहेर टाकायला. थंडी सरली की काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, मे-जूनमध्ये पिल्लं निघतात. म्हणजे आत्ता या दिवसांत मादी काठ सोडत नाही.

एक हात जोडून विनंती. हा धागा वाचून कुणी पोरांना घेऊन मगर बघायला काठावर उतरू नका. आमच्या पट्ट्यात माणसं गेलीत, लहान मुलंही गेलीत, मी त्या घरांतली आईबापं बघितलीत. घाटाच्या वरच्या पायरीवरून, गावातला माणूस बरोबर घेऊन, दुर्बिणीतून बघा. कपडे धुवायला, पोहायला, मोटर बघायला पाण्याजवळ जाणाऱ्यांनाही हे सांगा.

आमराईतली, १५ मे, सकाळी ९.००

भिलवडीचे दादा, लिहिलंत ते बरं केलंत. कुठंही गेलो तरी काठापासून लांबच राहू.

जुनी_वही, १५ मे, दुपारी ४.१०

माझं वय एकाहत्तर. साताऱ्याहून शाळेची सहल मुंबईला गेली होती, तेव्हा मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं. १९५१ सालचं ते, आपल्या देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. अंधारा गोल दालनाचा भाग आणि भिंतीत उजळलेल्या खिडक्या, एवढं अजून डोळ्यांसमोर आहे. गेली काही वर्षं ते बंद आहे याचं वाईट वाटतं. नातवाला राणीच्या बागेत पेंग्विन दाखवले. तो बर्फ शोधत होता. हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना बर्फ लागत नाही, गारवा लागतो, हे तिथल्या मुलीनं त्याला समजावलं. त्या मुलीसारखं समजावणारं माणूस प्रत्येक काचेपाशी हवं.

साताऱ्याच्या मंडळींना कात्रजचं प्राणिसंग्रहालय जवळ आहे, सर्पोद्यान चांगलं आहे. बुधवारी बंद असतं.

हरिपूरकर, १५ मे, रात्री ८.३०

आज नदीचं पाणी खाली गेलंय, डबकी राहिलीत. मार्च २०२३ ला सांगलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता तो आठवतो. घाण पाणी आलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. त्या दिवशी तडफडत वर आलेले मासे मी हातानं उचललेत. मरळ मात्र वरची हवा घेत तगली होती काही ठिकाणी. नदीची पेटी करणार असाल तर त्या दिवसाचंही पोरांना सांगा.

ताई, आमच्या भावकीतल्या एका विहिरीत मरळ आहे. कठडा पक्का आहे, मगरीची भीती नाही. मृग निघाल्यावर या. पाऊस पडला की ती पिल्लं घालते. पिल्लं नारिंगी असतात, सगळा थवा एकत्र फिरतो आणि आईबाप खालनं राखण करतात. त्या नारिंगी-पांढऱ्या समुद्री माशाला विसरेल पोरगी.

आमराईतली, २९ जून, रात्री ९.१५

धागा वर आणतेय.

आज गेलो होतो. रिक्षावाल्या दादांची दोन्ही पोरं आमच्याबरोबर होती, त्यांच्याच रिक्षातून. पाऊस नुकता उघडला होता. हरिपूरकर दादांनी पोरांना कठड्यापाशी बसवलं आणि बोलायचं नाही म्हणून सांगितलं. दहा मिनिटं काहीच नाही. मग पाण्यावर मूठभर नारिंगी रंग आला, पसरला, परत गोळा झाला. शंभरेक पिल्लं असतील. जरा वेळानं त्यांच्या खालून एक काळं, लांब डोकं वर आलं, टपकन हवा घेतली आणि गेलं.

लेकीच्या वहीतलं तसंच उतरवते: ४ मिनिटं १० सेकंद. ३ मिनिटं ३५ सेकंद. ५ मिनिटं (पाऊस आला). २ मिनिटं ५० सेकंद. पिल्लं सारखी सारखी, मोजता आली नाहीत.

धाकट्यानं चित्र काढलंय. उद्या फोटो टाकते.

वर्गशिक्षक_तासगाव, २९ जून, रात्री ९.४०

पेटीला परवानगी मिळाली. काचपेटी, शनिवारी सकाळी याल का? गोटे पोरांनी धुऊन ठेवलेत.

काचपेटी, २९ जून, रात्री ९.५२

येतो. माझ्या जुन्या पेटीतला मळका स्पंज घेऊन येतो, तो धुवू नका.